भर उन्हातला भयपट: मराठी पडद्यावरचे भूत कोकणातच का राहते?

बालाघाटी (अंबाजोगाई)

नमस्कार. आम्ही काही मित्र अंबाजोगाईत एका जुन्या घराच्या माळवदावर पडदा बांधून अधूनमधून भयपट पाहतो. गेल्या खेपेस ‘तुंबाड’ पुन्हा पाहिला. त्यानंतर आमच्यात जो वाद झाला, तो येथील जाणकारांपुढे मांडावासा वाटतो.

2018 साली आलेला हा चित्रपट माझ्या मते हिंदीतील सर्व भयपटांच्या वरचा आहे. राही अनिल बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक पावसाळे थांबून खऱ्या पावसात केलेले चित्रीकरण, पंकज कुमार यांचा कॅमेरा आणि नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा घेऊन उभी राहिलेली ती आजी यांबद्दल आमच्यात दुमत नव्हते. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, हे रास्तच झाले. परंतु एका मित्राने विचारले की यातला पाऊस काढून घेतला तर भय किती उरेल? पुढे तो म्हणाला की मराठी माणसाच्या भयकथेला कोकणच लागते. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका कोकणातली, ‘मुंज्या’ कोकणातला आणि ‘तुंबाड’ही कोकणातला. शेवाळलेले दगड, कौलारू घर, गच्च झाडी आणि संततधार यांच्याशिवाय आपल्या पडद्यावर भूत उभेच राहत नाही.

आमच्या भागात वर्षातले आठ महिने आभाळ कोरडे असते. भेगाळलेली काळी जमीन, बाभळी, उघडा माळ, पडक्या गढ्या आणि कोसभर अंतरावरून येणारा माणूस स्पष्ट दिसेल असा लख्ख उजेड, हे आमचे दृश्य. तरीही आमच्या आज्यांनी आम्हाला जी भीती घातली, ती पुष्कळदा भर दुपारची होती. साती आसरांच्या (पाण्यातल्या सात देवतांच्या) विहिरीवर बाराच्या वेळी जायचे नाही, उन्हात एकट्याने माळ ओलांडायचा नाही, चकवा लागला की माणूस ओळखीच्या शिवारातही त्याच बांधावर पुन्हा पुन्हा येतो, असे त्या सांगत असत. म्हणजे भय आमच्याकडेही आहे, फक्त त्याला चित्रपट मिळालेला नाही.

म्हणून विचारतो की उजेडात आणि उघड्या, कोरड्या भूमीत घडणारे कोणते भयपट आपल्याला खरोखर अस्वस्थ करून गेले, आणि उजेडात भय टिकते ते कशामुळे? या उन्हाळ्यात असे चार-पाच चित्रपट ओळीने दाखवण्याचा आमचा विचार आहे.

मांजराकाठ (लातूर)

आपला प्रश्न मला अतिशय जवळचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रात्री घडणाऱ्या भयपटात प्रेक्षकाला एक आधार असतो, तो म्हणजे पहाट होणार आहे. पात्रांनी तेवढा वेळ कसाबसा निभावून न्यावा, एवढीच आपली इच्छा असते. जो भयपट उन्हात घडतो, तो हा आधारच काढून घेतो. टोबी हूपर यांचा 1974 सालचा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसेकर’ या दृष्टीने पाहावा. नावावरून तो रक्तबंबाळ वाटतो, परंतु पडद्यावर प्रत्यक्ष रक्त फारच थोडे दिसते. दिसतो तो टेक्सासचा उन्हाळा. वाळलेले गवत, घामाने चिकटलेले कपडे, बंद गाडीतली घुसमट आणि पांढरे पडलेले आकाश. हूपर यांनी तो खरोखरच भर उन्हाळ्यात, 16 मिलिमीटरच्या फिल्मवर, तुटपुंज्या पैशांत चित्रित केला. जेवणाच्या टेबलावरचे ते असह्य दृश्य खिडक्या झाकून, कुबट उकाड्यात, नटांना तासन्‌तास तिथेच ठेवून घेतले गेले, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरचा थकवा अभिनयापलीकडचा आहे हे पाहणाऱ्याला जाणवते. चित्रपटाच्या शेवटी पहाट होते, सूर्य उगवतो, रस्त्यावर वाहनही येते, आणि तरीही भय संपत नाही. सोनेरी उन्हात करवत फिरवत गिरक्या घेणारा तो माणूस हे भयपटांच्या इतिहासातले मला सर्वांत अस्वस्थ करणारे दृश्य वाटते, कारण त्यात लपवलेले काहीच नाही.

आणखी एक गोष्ट मराठवाड्यातल्या प्रेक्षकाने विशेष लक्षात घ्यावी. त्या चित्रपटातले कुटुंब कत्तलखान्यात राबलेले आहे. तिथे यंत्र आले आणि हातोड्याने काम करणाऱ्यांची गरज उरली नाही, हे सुरुवातीलाच एक पात्र बोलून जाते. पेट्रोल संपलेला पंप, ओस पडलेली घरे आणि हाताला काम नसलेली माणसे यांतून तो राक्षस जन्माला आला आहे. कोरड्या भूमीतले भय बहुधा असेच पोटापाण्याच्या प्रश्नातून उगवते.

दुसरा चित्रपट पूर्ण वेगळ्या स्वभावाचा आहे. पीटर वेअर यांचा 1975 सालचा ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’. ऑस्ट्रेलियातल्या एका मुलींच्या शाळेची सहल 14 फेब्रुवारी 1900 रोजी एका प्राचीन खडकाळ डोंगरापाशी जाते. तिथे घड्याळे बारा वाजता थांबतात. जेवणानंतर पेंगुळलेल्या दुपारी काही मुली कातळांमधून वर चढत जातात आणि नाहीशा होतात. काय झाले, हे चित्रपट शेवटपर्यंत सांगत नाही. कॅमेरामन रसेल बॉइड यांनी भिंगावर वधूच्या चेहऱ्यावर घेतात तसले जाळीदार वस्त्र लावून ऊन मऊ करून घेतले, आणि त्यामुळे सारी दुपार गुंगी आल्यासारखी दिसते. आपल्या आजीची बाराची वेळ आणि चकवा या दोन्ही गोष्टी, एकही भूत न दाखवता, या चित्रपटात आहेत. आपल्या मालिकेची सुरुवात यानेच करावी.

आरी ॲस्टर यांच्या ‘मिडसमर’चे (2019) नाव येथे कोणीतरी घेईलच. स्वीडनमधल्या न मावळणाऱ्या उन्हाळी दिवसांची त्याची कल्पना उत्तम आहे, परंतु उजेड तिथे फार सजवलेला वाटतो. त्या उन्हात कोणाला घाम येत नाही. माझ्या दृष्टीने तो वरील दोन चित्रपटांच्या बराच खालचा आहे.

गोदातीर (नांदेड)

मांजराकाठ सरांचे विवेचन मी आदराने वाचले, तरीही अंधाराची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे, म्हणून लिहितो.

मराठवाड्याला भयपटांची गोडी कोणी लावली असेल, तर ती जत्रेतल्या तंबूच्या टॉकीजने. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि इतर जत्रांत कापडी तंबूत खेळ होत. दिवसा तंबूतून ऊन झिरपते आणि पडदा पांढराच दिसतो, म्हणून खेळ दिवस मावळल्यावरच सुरू होई. याचा अर्थ असा की आमच्या मागच्या पिढीने भयपट पाहिला तो जमिनीवर बसून, थंडीत, शेजारी धडधडणाऱ्या यंत्राच्या आवाजात आणि खेळ सुटल्यावर अंधारातून गावापर्यंत चालत जायचे आहे हे मनात ठेवून. पडद्यावरची रात्र तंबूबाहेर संपत नसे. हा अनुभव उन्हातला कोणताही चित्रपट देऊ शकेल असे मला वाटत नाही.

त्या तंबूंत रामसे बंधूंच्या चित्रपटांना तोड नव्हती. त्यांच्याकडे हसून पाहण्याची आता रीत पडली आहे आणि मला ती मान्य नाही. 1970 सालच्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या त्यांच्या पडलेल्या चित्रपटात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात, असा प्रसंग होता. प्रेक्षक तेवढ्या प्रसंगाला दाद देतात, हे या भावांनी चित्रपटगृहात बसून पाहिले आणि त्यावर पुढचा सगळा डाव मांडला. 1972 चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला, घरच्या माणसांना आणि मोजक्या नटांना सोबत नेऊन, अल्पशा खर्चात पुरा केला. एक भाऊ लेखन पाहणार, एक कॅमेरा, एक ध्वनी, एक संकलन, आणि तुलसी व श्याम दिग्दर्शन करणार, अशी घरातल्या घरात कामाची वाटणी होती. 1984 सालच्या ‘पुराना मंदिर’मधला सामरी हा राक्षस ज्यांनी उभा केला, ते अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने अभियंते होते. त्यांच्या चेहऱ्याची ठेवण आणि उंची यांचा उपयोग त्या भावांनी इतक्या नेमकेपणाने केला की रंगभूषेची मर्यादा झाकली गेली. निळसर धुके, वाड्याच्या जिन्यावरचा एकच दिवा आणि कुरकुरणारे दार ही त्यांची भाषा मर्यादित होती, परंतु ती त्यांची स्वतःची होती, आणि शहरी समीक्षकांनी नाकारलेल्या त्या चित्रपटांना छोट्या गावांनी जगवले.

मराठी चित्रपटाने मात्र भुताला बहुतेक वेळा हसण्यावारी नेले. 1982 चा ‘एक डाव भुताचा’, 1993 चा ‘झपाटलेला’, 2004 चा ‘पछाडलेला’. हे तिन्ही मला आवडतात. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यामुळे तात्या विंचू आमच्या घरातल्या लहान मुलांना खरोखर भिववत असे, हेही खरे. पण हसू आले की भय जागा सोडते. मराठवाड्यातला भयपट उन्हात घडावा की अंधारात, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तो आधी गंभीर असावा.

सिंदफणा (माजलगाव, जि. बीड)

या चर्चेत ‘लपाछपी’चा उल्लेख अजून झाला नाही याचे मला आश्चर्य वाटते. विशाल फुरिया यांचा 2017 चा हा मराठी चित्रपट गंभीर आहे, बराचसा दिवसाउजेडी घडतो आणि त्यात कोकणाचा मागमूसही नाही. त्यात ऊस आहे. पुढे त्यांनीच हिंदीत तो ‘छोरी’ या नावाने 2021 साली पुन्हा केला, परंतु पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्या मूळ चित्रपटातला ताण मला त्यात सापडला नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा फार उघड करत नाही. कर्जामुळे पळून आलेले एक जोडपे उसाच्या फडाच्या मधोमध असलेल्या घरात आसरा घेते, आणि ती बाई गरोदर आहे, एवढे पुरे. ज्यांनी उभा ऊस जवळून पाहिला आहे, त्यांना या जागेची निवड किती अचूक आहे ते कळेल. पुरुषभर उंचीच्या वर गेलेल्या उसात भर दुपारीसुद्धा चार हातांपलीकडचे दिसत नाही. पाचट सळसळते, पाते कापत जाते, आवाज कोणत्या बाजूने आला ते उमजत नाही आणि सरी सोडली की दिशा राहत नाही. बालाघाटी यांनी लिहिलेला चकवा माळापेक्षा फडात जास्त खरा आहे. वर डोळे दिपवणारे ऊन असते आणि माणूस मात्र आत कोंडलेला असतो.

परंतु आमच्या जिल्ह्यातल्या बाईला तो चित्रपट भिववतो, त्याचे कारण ऊस एवढेच नाही. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे 807 मुली होत्या, आणि राज्यात तो नीचांक होता. ‘लपाछपी’तले भूत कोठून आले, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. पडद्यावर ती मुले लपंडाव खेळू लागली, तेव्हा माझ्यासोबत चित्रपट पाहणाऱ्या बायकांपैकी कोणी किंचाळले नाही. सगळ्या गप्प झाल्या. गोदातीर दादांना ज्या गांभीर्याची अपेक्षा आहे, ते हेच असावे.

तरीही माझी एक तक्रार आहे आणि ती मनापासूनची आहे. त्या चित्रपटातला ऊस तोडायला कोणी येत नाही. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी एक ‘कोयता’ म्हणून मोजली जाते आणि टोळीबरोबर कारखान्याच्या फडावर जाते. पाळी, बाळंतपण, आजारपण, कशासाठीही खाडा केला तर पैसे कापले जातात. 2019 साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात निघाला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाचटाच्या कोपीत (झोपडीत) पहाटेपूर्वी उठून स्वयंपाक करणारी, मूल बांधावर झोपवून फडात शिरणारी बाई केंद्रस्थानी ठेवून जो भयपट होईल, तो मराठवाड्याचा भयपट म्हणता येईल. घरात कोंडलेल्या बाईची गोष्ट झाली. फडात मोकळ्या दिसणाऱ्या बाईची अजून झालेली नाही.

देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

सिंदफणा ताईंचे लिखाण वाचून मला कानेतो शिंदो यांच्या ‘ओनिबाबा’ची (1964) आठवण झाली. चौदाव्या शतकातल्या यादवीच्या काळातला जपान, माणसाच्या उंचीपेक्षा उंच गवताचे अफाट रान, आणि त्यात राहणारी सासू व सून. मुलगा लढाईवर गेलेला आहे. वाट चुकून गवतात शिरलेल्या सैनिकांना या दोघी ठार करतात, त्यांची चिलखते विकून धान्य आणतात आणि प्रेते एका खोल खड्ड्यात ढकलतात. पुढे मुखवट्याची गोष्ट येते, ती सांगत नाही. चित्रपट कृष्णधवल आहे आणि त्यातले रात्रीचे भाग मोठे असले, तरी खरी दहशत दिवसाच्या वाऱ्यात हलणाऱ्या त्या गवताची आहे. सून निघून गेली तर आपण उपाशी मरू, ही सासूची भीती सर्व घटनांच्या मुळाशी आहे. दोन बायकांमधले वैर भुकेपोटी कसे वाढते, हे इतक्या थेटपणे दाखवणारा दुसरा भयपट मला माहीत नाही.

ध्वनीबद्दलही एक सांगतो. दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, मशाल विझवली की पहिल्यांदा वटवाघळांचा आवाज येतो, नंतर स्वतःच्या श्वासाचा. आपल्याकडच्या कोणाही दिग्दर्शकाने ढोल-ताशे आणि किंकाळ्या बाजूला ठेवून एवढे जरी नीट ध्वनिमुद्रित केले, तरी पुष्कळ होईल. कोरड्या प्रदेशात आवाज लांबून येतो. रिकाम्या रहाटाची किंवा दूरच्या बोअरच्या यंत्राची घरघर दुपारभर ऐकली की माणूस कासावीस होतो.

मांजराकाठ (लातूर)

देवगिरी यांनी बोअरचा उल्लेख केला, म्हणून एक चित्रपट जोडतो. रॉबिन हार्डी यांचा 1973 सालचा ‘द विकर मॅन’. एका बेटावर हरवलेल्या मुलीचा शोध घ्यायला पोलीस अधिकारी येतो. तिथले लोक आनंदी आहेत, गातात, नाचतात, फुले माळतात. मागच्या वर्षी पीक बुडाले आहे, आणि ते पुन्हा बुडू नये यासाठी काय करायचे ते गावाने ठरवलेले आहे. वसंत ऋतूतली ही कथा प्रत्यक्षात थंडीच्या तोंडावर चित्रित झाली. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून नटांना तोंडात बर्फ धरावा लागला. पडद्यावर मात्र सगळे फुललेले दिसते, आणि शेवट उघड्या आकाशाखाली, समुद्रकाठी, गाण्याच्या सुरात होतो.

विहिरीला पाणी लागावे म्हणून बळी दिल्याच्या लोककथा आपल्याकडेही सांगितल्या जातात. आजही पाणाड्या, म्हणजे जमिनीतले पाणी शोधून देणारा माणूस, तळहातावर नारळ ठेवून शेतातून चालतो आणि नारळ जिथे उभा राहील तिथे लोक कर्ज काढून बोअर पाडतात, आठशे-हजार फुटांपर्यंत. 2016 साली आमच्या शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली होती आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ने 2022 साली पाण्यासाठी झगडणारी वस्ती आणि तिच्या शेजारची उंच इमारत झोंबीपटात आणली, हे मला फार मोलाचे वाटते, पण ती डोंबिवलीची गोष्ट आहे आणि तिचा सूर विनोदी आहे. पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी न लागलेला शेतकरी आणि अख्ख्या गावाची नजर, एवढ्यावर ‘विकर मॅन’च्या तोडीचा भयपट येथे उभा राहू शकतो. त्याला रात्रीची, धुक्याची किंवा रंगभूषेची गरज नाही.

बालाघाटी (अंबाजोगाई)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘हँगिंग रॉक’ पहिला, नंतर ‘ओनिबाबा’, मग ‘विकर मॅन’ आणि ‘लपाछपी’ असा क्रम आम्ही धरला आहे. गोदातीर यांच्या आग्रहास्तव शेवटी ‘पुराना मंदिर’ही दाखवू. ‘टेक्सास’ मात्र घरातली मुले नसतील त्या दिवशी, केवळ प्रौढांसाठी ठेवू. सिंदफणा ताई, ‘लपाछपी’ आमच्या वस्तीतल्या बायकांनाही दाखवावा असे एका मैत्रिणीने सुचवले आहे. त्यांतल्या काही ऊसतोडीला जातात. विषय पाहता हे योग्य होईल का?

सिंदफणा (माजलगाव, जि. बीड)

अवश्य दाखवा, पण आधी कथेची कल्पना द्या. गरोदर बाई असेल किंवा जिच्या घरात असे काही घडून गेले असेल, तिला न सांगता समोर बसवणे बरोबर नाही. पुरुषांची बैठक वेगळी ठेवा, म्हणजे नंतर बायकांना मोकळेपणाने बोलता येईल. आणि तारीख एप्रिलच्या अखेरीस धरा. कारखान्यांचे पट्टे पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, टोळ्या परततात, हिशेब व्हायला आठवडाभर जातो. त्याआधी दाखवलात तर ज्यांच्यासाठी दाखवायचा, त्याच फडावर असतील.